व्हिसा न लागणारी जर्मनी आणि मागच्या सीटवरचा मी

टक्, टाक्, टाक्. टक्, टाक्, टाक्.

तासगावच्या शाळेत आमचे मराठीचे मास्तर कविता शिकवण्याआधी लाकडी पट्टीने टेबलावर एवढंच वाजवायचे. लघु अक्षराला हलकेच, गुरूला दणकून. ल-गा-गा, ल-गा-गा, असं चार वेळा झालं की भुजंगप्रयात. कवितेचा अर्थ कळायच्या आधीच आम्ही पन्नास पोरं बाकांवर डुलायला लागायचो. पुढे पाटबंधारे खात्यात माझी सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली, पण ती पट्टी काही कानातून गेली नाही. मनात आनंद मावेनासा झाला की अजूनही वाजते.

गेल्या शनिवारी पहाटे साडेपाचला बॉथेलमध्ये गाडीचं दार लागलं आणि ती वाजली. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी जर्मनीला निघालो होतो. गाडीने. अमेरिकेतून!

सांगतो. माझी नात सानिका इथे बॉथेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मी तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आलोय. तिच्या मित्रमंडळींना युरोप बघायची भारी हौस. पण या मुलांचं दुखणं वेगळंच. सगळी नोकरीच्या व्हिसावर. पासपोर्टातला शिक्का संपलेला. अमेरिकेत राहायला आणि काम करायला हरकत नाही; देशाबाहेर पाऊल टाकलं की आत येण्यासाठी नवा शिक्का, त्यासाठी मुलाखत, आणि मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते देव जाणे. म्हणजे पॅरिसला जाता येईल, परत मात्र येता येईलच असं नाही. तेव्हा या हुशार पोरांनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवलाय: ‘विदाउट व्हिसा युरोप’. लेव्हनवर्थ म्हणजे जर्मनी. पोल्सबो म्हणजे नॉर्वे. लिंडन म्हणजे हॉलंड. तिन्ही गावं याच वॉशिंग्टन राज्यात. शनिवारी एक देश करायचा आणि रात्री आपल्या घरी झोपायचं.

या मुलांचे शनिवार-रविवार बघून मला माझ्या तरुणपणाची कीव येते. शुक्रवारी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. मग पत्ते, आरडाओरडा, शनिवारी डोंगर, रविवारी कपडे धुणं आणि आईवडिलांना फोन. आम्ही रविवारी फक्त दाढी करायचो.

जर्मनीच्या गाडीत मागे सीट रिकामी होती. मी काही मागितली नाही. नुसताच चार दिवस फ्रिजपुढे उभा राहून तक्ता वाचत होतो. शेवटी सानिकाने मित्राला फोन लावला. तो मित्र म्हणजे प्रज्वल. नागपूरचा, जवळच बेलव्ह्यूला राहतो आणि गाडी त्याची. फोन स्पीकरवर होता, माझे कान शाबूत होते.

“अबे सानिका, आजोबांना काहून आणून राहिली? थकतील ना यार. मग अर्ध्यातून रिटर्न यावं लागेल.”

“नाही थकत ते. रोज तीन मैल चालतात.”

“तसं नाही ना. सीनियर लोक असले की... जाऊ दे. ट्रायल घेऊ. पण रूल आहे. ‘अजून किती लांब’ एकदाही विचारायचं नाही. जमलं तर नॉर्वेला पण घेऊ, नाही तर सॉरी.”

मी रात्री पायांना तेल चोळलं, दोनदा.

प्रवासाची माहिती, ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: बॉथेलहून दोन नंबरचा हायवे धरायचा. अडीच तास लागतात. पहाटे निघाला नाहीत तर गर्दीत अडकाल. मन्रो, सुलतान, गोल्ड बार अशी गावं येतात (सुलतान हे नाव या रानात कुठून आलं असेल याचा मी बराच वेळ विचार केला). मग नदी सोबतीला येते आणि रस्ता देवदारांच्या रानातून स्टीव्हन्स पासच्या घाटात चढतो. हिवाळ्यात चाकांना साखळ्या लागतात म्हणे. आम्ही ऑक्टोबरात होतो, रस्ता कोरडा ठाक. घाटमाथ्यावर थांबून पाय मोकळे करून घ्यावेत, आणि माझ्या वयाच्यांनी तिथलं स्वच्छतागृह चुकवू नये.

मी मागे खिडकीशी बसलो होतो. शेजारी मेघना, मुंबईची, औषधांच्या प्रयोगशाळेत काम करणारी आणि अतिशय फाजील. झुंजुमुंजू होत होतं, धुकं नदीवर झोपलं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

“निघालो निघालो पहाटे निघालो!”

“वॉव, आजोबा, हे काय?” मेघनाने विचारलं.

मी मांडीवर पट्टी वाजवून दाखवली. पट्टी नव्हती, चष्म्याचं घर होतं. ल-गा-गा. तिने दोन मिनिटांत पकडलं. पाच मिनिटांनी ती पुढच्या सीटवर थाप मारत ओरडली, “जरा ब्रेक दे ना, मला झोप आली!” मी अक्षरं मोजली. चोख! एक मात्रा इकडेतिकडे नाही. ज्या मुलीने शाळेत मराठी ‘ऑप्शनला’ टाकलं होतं, तिने वृत्तात कॉफी मागितली होती. मला गाडीत उभं राहता आलं असतं तर राहिलो असतो.

मग सगळीच सुटली. सानिकाच्या ओळीत एक लघु कमी, तर मेघनाच्या ओळीत शिवी जास्त. प्रज्वल एकटा गप्प, रस्त्याकडे बघत. घाट उतरलो, दोन्ही बाजूंना पिवळी झाडं अशी पेटली होती की माझं भान सुटलं आणि मी म्हणून गेलो, “अजूनी किती दूर ते गाव आहे!”

मेघनाने मला कोपराने ढोसलं.

“आजोबा,” आरशातून बघत प्रज्वल म्हणाला, “रूल ब्रेक झाला.”

“तो प्रश्न नाही, ओळ आहे,” मी म्हटलं. “शेवटी उद्गारचिन्ह होतं.”

आरशात त्याचे दात दिसले. पहिल्यांदाच.

लेव्हनवर्थला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. मुख्य रस्त्याच्या मागे पैसे भरून गाडी लावायच्या जागा आहेत. नऊनंतर त्यांत शिरणं कठीण. आम्ही तिघं आधी उतरलो. प्रज्वल बराच वेळ आलाच नाही. आला तो दुरूनच ओरडत: “बघा पार्क केली किती दूर गाडी!” येताना बोटांवर मोजत होता. मी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. जर्मन लोक बघत होते.

आता ते जर्मन लोक. कधीकाळी या गावातली रेल्वे गेली, लाकडाच्या वखारी बसल्या आणि गाव ओस पडायला लागलं. तेव्हा गावकऱ्यांनी चक्क ठरवलं की आपण जर्मन व्हायचं. सगळ्या इमारतींना लाकडी सज्जे लावले, सज्ज्यांत लाल फुलं, भिंतींवर चित्रं. पेट्रोल पंपाची पाटीसुद्धा वळणदार जर्मन अक्षरांत. मागे खरेखुरे डोंगर आहेतच. चौकात चामड्याची अर्धी चड्डी घातलेला एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ अ‍ॅकॉर्डियन वाजवत होता. मी सानिकाला दुभाषी करून विचारलं, जर्मनीत असंच असतं का हो?

“कल्पना नाही,” तो म्हणाला. “मी कॅन्ससचा. पासपोर्टच काढला नाही कधी.”

मला तो फार आवडला. इथे कुणीच जर्मन नव्हतं. तो नव्हता, हॉटेलात वाढणारी मेक्सिकन मुलगी नव्हती, आम्ही तर नव्हतोच. आणि सगळे मिळून किती मनापासून जर्मन होतो!

खाण्याचं सांगतो. प्रेट्झेल नावाचा प्रकार म्हणजे तळायला विसरलेली भलीमोठी चकली, वर जाडं मीठ. बारा डॉलरला एक, दोघांना पुरते. मोहरीच्या चटणीत बुडवून खावी, नाकातून वाफ येते. मांस न खाणाऱ्यांना बटाट्याची भाजी आणि आंबट कोबी मिळतो. सफरचंदं, नासपती मात्र गावात न घेता बाहेर रस्त्याकडेच्या मांडवांतून घ्यावीत. चावलं की हनुवटीवरून रस ओघळतो.

टोप्यांच्या दुकानात आम्ही चौघांनी हिरव्या, पिसाच्या टोप्या घातल्या. दुकानदारीणबाईंनी फोटो काढून दिला. विकत मी एकट्यानेच घेतली. तिथल्या तिथे फोटो आमच्या ‘अकरावी अ’ या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर धाडला आणि खाली लिहिलं: ‘जर्मनीहून.’ सांगलीत तेव्हा रात्र होती, तरी तिघांनी लगेच विचारलं, “खरंच?”

दुपारी नदीकाठच्या बागेत गवतावर बसून मी आणलेले दडपे पोहे खाल्ले. मुलींनी चपला काढून पाणी गाठलं. प्रज्वलचा फोन वाजला. तो थोडा बाजूला गेला. फार बाजूला नाही.

“हो आई. ऑफिसमध्येच आहे ना. रिलीज आहे... जेवलो. दडपे पोहे... अं? कॅन्टीनमध्ये. इंडियन फूड डे आहे... ते? ते म्युझिक... रिंगटोन आहे कोणाची तरी.”

चौकातला कॅन्ससवाला जोरात होता.

फोन ठेवून तो माझ्याशेजारी येऊन बसला. “आजोबा, तुम्ही काही ऐकलं नाही.”

“काय नाही ऐकलं?”

“गुड.” मग दोन घास खाऊन आपणच बोलला. त्याची आई दोन महिन्यांपासून बेलव्ह्यूला त्याच्याकडे आहे. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच आली. “सांगितलं तर ‘मी पण येते’ म्हणेल. गुडघे दुखतात तिचे. आणि दिवसभर तुमच्यासारखं... म्हणजे, सॉरी, पण आमच्यात ती बोअर होईल. नाही नेलं तर गप्प बसते. ते गप्प बसणं बघवत नाही ना. म्हणून ऑफिस. तुम्ही येऊन राहिले म्हटल्यावर मला हेच टेन्शन. सीनियर लोक मराठी मंडळात भेटतात, बोलतात.”

“दिवसभर काय करतात त्या?”

“टीव्ही बघते. खिडकीत बसते.”

मी पोह्यांतलं खोबरं चिवडत राहिलो. मला चार दिवस फ्रिजपुढे उभं राहता आलं. या बाईंना तर तक्ता आहे हेच माहीत नव्हतं. त्यांची जागा मी खाल्ली होती असं नाही, पण त्यांच्यासाठी जागा कुणी मोजलीच नव्हती. हे त्याला सांगायला हवं होतं. पण तो म्हणाला, “हे आईपर्यंत गेलं नाही तर नॉर्वेला पुढची सीट तुमची. खिडकी, हीटर, सगळं.” आणि मी, शहात्तर वर्षांचा माणूस, पुढच्या सीटसाठी मान डोलावली.

येताना घाटात ऊन तिरपं झालं होतं. मुली झोपल्या. प्रज्वल हळूच स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. ल-गा-गा. मी त्याच्याकडे बघितलं नाही, नाही तर थांबला असता. सात वाजता घरी.

आज बुधवार. गुडघे दुखतायत, पण जर्मन दुखणं आहे, तक्रार नाही. सानिका ऑफिसला गेली की मी फ्रिजपुढे जातो. ‘जर्मनी’पुढे तिने बरोबरची खूण केलीय आणि ‘नॉर्वे’पुढे चार नावांखाली (या खेपेला मुलांचा आणखी एक मित्र आहे) पाचवं लिहिलंय: आजोबा. माझं नाव इतक्या चांगल्या यादीत कधी आलं नव्हतं. पोल्सबोला एडमंड्सहून फेरीबोटीने जायचं, गाडीसकट. समुद्र आहे, पाव आहे, रंगीत घरं आहेत. हे सगळं लिहून तुम्हालाही सांगावं म्हणून दुपारी बसलो. आणि त्या एका मान डोलावण्याचं काय करायचं, ते काही सुचेना. तीनदा वाक्य लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी ठरवलं: शनिवारी गाडीत बसायच्या आधी प्रज्वलला स्पष्ट सांगायचं, सीट गेली तरी चालेल.

इतक्यात बेल वाजली.

दारात एक बाई. पांढरी साडी, निळी किनार, वर मुलाचं असावं असं गुडघ्यापर्यंत आलेलं जाड जाकीट, पायांत बूट. दम लागलेला नव्हता.

“जय भीम. मी प्रज्वलची आई.”

“जय भीम, जय भीम,” मी चाचरलो. “या ना. पण सानिका नाही घरी.”

“मला तिच्याकडे नाही, तुमच्याकडे यायचं होतं.” त्यांनी फोन पुढे धरला. फोटोत आम्ही चौघं, हिरव्या टोप्यांत. प्रज्वलचं पीस सगळ्यांत उंच. “तुमचे कोणी शिर्के नागपूरला मुलीकडे राहतात. त्यांनी मुलीला दाखवला, मुलीनं माझ्या बहिणीला, बहिणीनं मला. मुलगा माझा एका घरात, आणि फोटो पृथ्वीला वळसा घालून आला.”

शिर्के. अकरावी अ, तिसरा बाक.

“माझीच चूक,” मी म्हणालो. “त्याला रागावू नका. तो म्हणाला, तुमचे गुडघे...”

“गुडघे दुखतात, खरं आहे. म्हणून काय बसून राहायचं?” त्या आत आल्या, बूट नीट जोडीने ठेवले. “बेलव्ह्यूहून बसनं आले मी. एक बदलावी लागते. इमारत आठवत होती. मागे तो वर आला होता, मी खाली गाडीत बसली होती. खाली एका बाईला हा फोटो दाखवला, तिनं तुमचं दार दाखवलं.”

पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानेच घेतलं आणि फ्रिजवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. बोट नॉर्वेवर थांबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. नावं मोजली.

“गाडीत सीट पाचच?”

“पाचच,” मी म्हणालो. “पण माझी तुम्ही घ्या. मी आज तेच...”

“तुमची काहून?” त्यांनी ग्लास ठेवला. “मी वीस वर्षं एसटीत कंडक्टर होती, भाऊ. गाडी भरली म्हणून आजवर कोणाला खाली उतरवलं नाही. त्या मेघनाकडे गाडी आहे का, ते सांगा.”