कडीला लागलेली पिंजर

फोन वाजला की मी अजून दचकते. त्यात आईचा असला तर बघायलाच नको, हात पुसून तो उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. बहुतेक वेळा तिला एवढंच विचारायचं असतं की येताना पावाचे उंडे आणशील का. मग मी तिच्यावरच खेकसते. ती म्हणते, तुझा बापूस असाच, दोघांनाही रागवायला नुसतं निमित्त लागतं.

मी पेडण्यात इंटरनेटच्या कंपनीत काम करते. बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमची खोली आहे. खोली कसली, रस्त्याकडे उघडणारं एक जनेल, एक एसी आणि एक लोखंडी कपाट. कपाटात एक मशीन. तिच्या पुढच्या बाजूला ओळीने चौकोनी भोकं, आणि प्रत्येक भोकात बोटाएवढी धातूची डबी बसवलेली. तिला मॉड्यूल म्हणतात. काचेच्या वायरीतून आलेला उजेड ही डबी घेते आणि परत पाठवते. तालुक्यातल्या अर्ध्या गावांचं नेट या डब्यांवर चालतं. मोरजीच्या रिसॉर्टांचं, शाळांचं, बँकेचं, सगळ्यांचं.

डबीच्या तोंडाशी तारेची एक बारीक कडी असते. डबी बसवली की आत खटका अडकतो आणि ती घट्ट बसते. काढायची तर आधी काचेची वायर उपसायची, मग कडी खाली पाडायची, की खटका सुटतो आणि डबी अलगद हातात येते. वायर आत असेपर्यंत कडी पडतच नाही, ती तशी अडावी म्हणूनच केलेली असते. चालू उजेडातली डबी कुणी चुकून उपटू नये म्हणून. कडी न पाडता डबी ओढली तर खटका वाकतो आणि ते भोक कायमचं जातं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो.

माझे बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी डिचोलीला खाणीवर आले आणि जन्मभर ट्रक चालवला, खाण ते नदीवरचा धक्का, धक्का ते खाण. उजव्या हाताचा अंगठा ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून पुढून चेपला, तो तसाच राहिला. दर दसऱ्याला ते वाटीत खोबरेल घेऊन त्यात पिंजर कालवायचे आणि त्या चेपक्या अंगठ्याने ट्रकला टिळे लावायचे. चाकांना, स्टिअरिंगला, जॅकला, पान्यांच्या पेटीला. कोरडी पिंजर वाऱ्याने उडते म्हणून खोबरेल. आम्ही कुंकवाला पिंजरच म्हणतो. खाणी बंद झाल्या, ट्रक विकला, आम्ही पेडण्याला आलो, आणि बाबांना टिळा लावायला काही उरलं नाही.

म्हणून गेल्या दसऱ्याला मी त्यांना आमच्या खोलीत नेलं. कंपनीत पूजा असते, सगळे घरच्यांना आणतात. मी नारळ आणायला खाली गेले होते. वर आले तर बाबा कपाट उघडून, वाटी हातात धरून, वाकून उभे. झेंडूची माळ वरती नीट घातलेली, आणि खाली एकूणएक मॉड्यूलच्या कडीवर लाल टिळा.

"बाबा, काय चाललंय तुझं?"

"बाहेर आसत तेंकाच लावलंय," बाबा म्हणाले. "आत बोट घालूक नाय. आणि एकाक लावून दुसऱ्याक नाय लावला तर ता बरा दिसता काय? मशीन झाली म्हणून काय झाला, हात जोडल्याबिगर ती कशी चलतली?"

मी हसले. आमचे मोठे इंजिनिअर, मी त्यांना दादा म्हणते, तेही हसले आणि म्हणाले, राहू दे, देवाचं काम आहे. मी कापडाने वरवर पुसून घेतलं. वरची पिंजर गेली. तेल कुठे गेलं ते कोण बघतंय?

त्यानंतर वैशाखातली ती दुपार. मोपाच्या रस्त्याने दिवसभर डंपर जात होते आणि जनेल बंद असूनही कपाटावर तांबडी धूळ बसत होती. मशीनवरचा एक हिरवा दिवा सकाळपासून लागत-विझत होता. ती लांबच्या गावाकडची लाइन होती. तिच्यावर तिथला सरकारी दवाखाना, पंचायत आणि मोबाइलचा टॉवर. मॉड्यूल म्हातारं झालं होतं, उजेड धरत नव्हतं. दादा म्हापशाहून नवं घेऊन आले होते आणि खाली चहा पीत होते. घाई कुणालाच नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज तुटत होता.

"गो, बाबांच्या छातीत कळ इली. मामांकडे जेवूक गेललंव ना, थयच. हय सरकारी दवाखान्यात घेऊन इलंव. छातीक वायरी लावून कागद काढलो हा. डॉक्टरीण म्हणता, ह्यो कागद मोठ्या डॉक्टरांका धाडूक होयो, तेंनी बघितल्याबिगर ता इंजेक्शन देवूक जमाचा नाय. आणि हयचा नेट..."

फोन तुटला. मी दिव्याकडे पाहिलं. विझला होता.

मामांचं गाव त्याच लाइनवर. मी परत फोन लावला, लागेना. टॉवरही त्याच वायरीवर, मग लागणार कुठून? रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते वेळेत गेलं तर माणूस वाचतो आणि चुकीच्या माणसाला गेलं तर मरतो, एवढं मला माहीत होतं, कारण दवाखान्याला लाइन देताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच मला ते समजावलं होतं. नीट लाइन द्या हो, म्हणाल्या होत्या.

दिवा परत लागला. मग विझला. मग लागला.

मी दादांना हाक मारली. ते जिन्यावरून धावत आले. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "काढ. नवं घाल. लगेच."

काढायचं म्हणजे आधी वायर उपसायची. मी बोटं वायरीवर ठेवली आणि माझा हात चालेना. दिवा त्या क्षणी लागलेला होता. कदाचित त्याच क्षणी कागद निघाला असेल. अर्धा गेला असेल. मी वायर उपसली की तो तिथेच तुटणार. नाही उपसली तर ही डबी लागत-विझत राहणार आणि कागद कधीच पुरा पोचणार नाही. मला जन्मात एवढी भीती वाटली नव्हती. बाबा तिकडे पडलेले आणि त्यांची वायर माझ्या चिमटीत.

दिवा विझला आणि मी वायर उपसली.

कडीला नख लावलं. कडी हलली नाही. परत लावलं. नख तुटलं. दादा म्हणाले, "बघू," आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. जागची हलेना. मी घाबरून वायर परत आत घातली, म्हटलं असू दे तसंच, लागत-विझत तर लागत-विझत. पण आता दिवा लागलाच नाही. म्हाताऱ्या डबीने मान टाकली होती.

"शेजारचं काढूया," दादा म्हणाले. "रिसॉर्टवाल्याचं. त्याच्या भोकात नवं घालू, बोंबलला तर बोंबलू दे." शेजारच्या मॉड्यूलचा उजेड तेवढ्या लांब पोचणारा नव्हता, नाहीतर नुसती आपली वायर त्यात घालून भागलं असतं. मी शेजारची वायर उपसली, कडी ओढली. तीही घट्ट. त्याच्या पलीकडची. तीही. रिकामं भोक एकही नव्हतं.

दादांनी पिशवीतून पक्कड काढली. त्यांच्या कपाळावर घाम. "ओढतो मी. तुटलं तर तुटलं."

"खटका वाकला तर नवं बसणारच नाही, दादा."

"मग काय करू सांग! बाप आहे तुझा!"

मी त्यांच्या मनगटाला धरलं. खूप जोरात धरलं असावं, नंतर त्यांनी वळ दाखवला. मी तोंड अगदी भोकापाशी नेलं, कडी कुठे अडते ते बघायला. आणि मला वास आला. खवट खोबरेलाचा. तुटलेल्या नखाकडे पाहिलं तर त्यात तांबडं काहीतरी चिकटलेलं. धूळ नव्हती ती. पिंजर होती. तेलात भिजून, धूळ खाऊन, मशीनच्या उबेने आटून तिचा डिंक झाला होता आणि तो प्रत्येक कडीच्या सांध्यात बसला होता.

मला बाबांचा इतका राग आला की काय सांगू. "कुणी सांगितलं होतं तुला?" मी त्या मशीनला म्हटलं. "एकाला लावून दुसऱ्याला नाही लावलं तर बरं दिसत नाही म्हणे! आता घे! आता कसा येतो बघते परत!" दादा माझ्याकडे बघत राहिले. मी रडत होते, ते मला नंतर कळलं.

काचेच्या वायरींची टोकं पुसायला आमच्याकडे स्पिरिट असतं. मी म्हाताऱ्या डबीची वायर पुन्हा उपसली, कापसाचा बोळा पिळून ते तिच्या कडीच्या सांध्यात सोडलं आणि बांगडीतली पीन काढली. आई नेहमी म्हणते, बाईच्या बांगडीत पीन हवी. पिनेच्या टोकाने मी तो डिंक खरवडायला लागले. घाई केली तर पीन मोडून आत अडकणार. मी एका हाताने दुसरा धरला. जरासं सुटायचं, लाल पाणी खाली यायचं, परत स्पिरिट, परत पीन. दादा बॅटरी धरून उभे होते आणि तोंडातल्या तोंडात रवळनाथाला हाका मारत होते. त्यांचा फोन वाजत होता, रिसॉर्टवाला असणार. कुणी उचलला नाही.

माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहायची आता हिंमत नाही. एवढंच की बाबांच्या छातीला लावलेल्या वायरी मला सारख्या दिसत होत्या.

कडी जराशी डुलली. मी नख तुटलेल्या बोटानेच ती खाली दाबली. कट् झालं. डबी सरकली. मी ती बाहेर काढली, दादांनी नवी पुढे केली, मी ती घातली, वायर घातली. दिवा काही वेळ लागलाच नाही. मग लागला, आणि लागलेलाच राहिला.

आता फोन लागायला हवा होता. मी लावला. वाजत राहिला, आईने उचलला नाही. परत लावला. परत नाही. लाइन चालू आणि कुणी उचलत नाही, हे लाइन बंद असण्यापेक्षा वाईट. मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. दादा शेजारी बसले. खाली हार्डवेअरवाला कुणाला तरी खिळे मोजून देत होता. मला वाटलं, तो फोन आता वाजूच नये. वाजला नाही तोवर बाबा आहेत.

तो वाजला. आई म्हणाली, "कागद गेलो. मोठ्या डॉक्टरांनी व्हय म्हटलानी. इंजेक्शन दिल्यानी. आता अॅम्ब्युलन्स इली, आम्ही बांबोळीक मोठ्या हॉस्पिटलात जातंव." मग म्हणाली, "तू जेवलस काय?"

बाबा वाचले. घरी आले तेव्हा बारीक झाले होते, खांद्यावर शर्ट लोंबत होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "त्या मशिनीक मी माझ्या हातान पिंजर लावललंय. म्हणान तिना माका धरून ठेयला." मी दातांवर दात ठेवून ऐकायची. एकदा शेजारच्या काकींसमोर त्यांनी हेच लावलं, आणि मला राहवलं नाही. मी सगळं बोलून टाकलं. पिंजर, डिंक, पीन, सगळं. काकी चहा न पिताच उठल्या. बाबा नुसते आपल्या चेपक्या अंगठ्याकडे बघत बसले.

या दसऱ्याला त्यांनी वाटी काढलीच नाही. माझी स्कूटर अंगणात तशीच उभी होती, विळा, कोयती कोपऱ्यात तशीच. आईने दोनदा हाक मारली. ते व्हरांड्यात बसून राहिले. म्हणाले, "नको गे. चलता ता चलांदे." मला परत तीच भीती वाटली, जिन्याच्या पायरीवरची. ज्याला कशालाच हात लावायचा नाही, तो माणूस निघायची तयारी करतोय असं वाटतं.

मी आत जाऊन ती जुनी डबी आणली. ती मी टाकली नव्हती. वाटीत खोबरेल घेतलं, पिंजर कालवली, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्या चलता?" बाबांनी विचारलं.

"नाही चालत. मेलंय ते."

त्यांनी डबी डाव्या तळहातावर घेतली आणि चष्मा लावून बराच वेळ उलटसुलट करून बघितली. कडी खालीवर करून बघितली. "हीच काय ती?" म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी अंगठा नाही, करंगळी वाटीत बुडवली. पार मागच्या टोकाला, कडीपासून होईल तितक्या लांब, त्यांनी एवढासा टिळा लावला, आणि कडीला कुठे तेल लागलंय का ते शर्टाच्या बाहीने पुसून बघितलं.

"आता स्कूटर घेवन ये हय," ते म्हणाले. "आणि चावी खय घालतत ता आधी दाखय माका. थय नाय लावणंय."