भिजलेल्या कापडाच्या जाहिराती

माझी वहिनी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक सांभाळते. तिथे बसून बसून तिची अशी पक्की समजूत झाली आहे की, जे छापलंय ते काहीतरी लपवायलाच छापलंय. घरातही तीच नजर. मी नुसतं "बरा आहे" म्हणालो तरी तिला संशय येतो.

कचेरीने तिला किनाऱ्यावरच्या पुरांचा इतिहास काढायला सांगितला, वर्धापनदिनाच्या विशेषांकासाठी. तो कुणी वाचणार नव्हतंच, त्यामुळे काम बरोबर मन लावून करणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडलं. वहिनीने तळघरातून बांधीव अंकांचे गठ्ठे काढले, नाकाला रुमाल बांधला आणि वाचत सुटली. पूर काही सापडेना. वर्तमानपत्राच्या पहिल्या मालकाची बंदरावर गोदामं होती. पाण्याच्या बातम्या छापून स्वतःच्याच गोदामांचं भाडं पाडायला तो काय वेडा होता? समुद्र गावात शिरला की याची बातमी ठरलेली, ‘किनाऱ्यावर आल्हाददायक वारे’.

दुसरं कुणी असतं तर ‘पूर आढळले नाहीत’ असं लिहून मोकळं झालं असतं. वहिनी जाहिरातींकडे वळली. ‘भिजलेले कापड निम्म्या दरात’ अशी जाहिरात दिसली की त्या दुकानात पाणी शिरलं असणार, हा तिचा हिशेब. मग तिने दुकानांचे पत्ते नकाशावर मांडले आणि पाणी कुठपर्यंत आलं त्याची रेघ ओढली. मी हसलो, पण मनातल्या मनात मानलं. तिच्यासमोर अर्थातच नाही.

आता दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे गेलेले. कित्येक वर्षांत ती खाली उतरलेली नाही, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांची टकलं बघत बसते. म्हणून दादाने समुद्राजवळ तळमजल्यावरचं घर ठरवलं. दाराबाहेर बसायला मोकळी जागा. आईला इतका आनंद झाला की तिने मला नव्या चपला आणायला लावल्या. बिल्डरने गल्लीचं जुनं नाव पुसून काहीतरी गोडगोड ठेवलं होतं, आणि दादाने आईला जुनं नाव सांगितलंच नव्हतं. त्याला म्हणे तिला चकित करायचं होतं.

सही करायच्या आदल्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाली, "अहो, ती गल्ली पाण्याखाली जाते. चार वेळा गेलीय. आपल्याच दुकानाच्या जाहिराती आहेत."

आमच्या वडिलांचं कापडाचं दुकान त्याच गल्लीत होतं. मला कळायला लागायच्या आधीच ते बंद पडलं.

दादा घास अडकेपर्यंत हसला. "अगं, ते पाणी समुद्राचं नव्हे, नळाचं. बाबा स्वतः ओतायचे. भिजलेला माल म्हटला की लोक तुटून पडायचे. बादल्या मी भरून द्यायचो."

बघा, घर हातचं जाऊ नये म्हणून माणसाने मेलेल्या बापाला लबाड ठरवलं, तेही छाती फुगवून. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. एक दुकानदार असा, तर बाकीचे काय संत असणार? तिची अख्खी रेघच बुडाली. एरवी मला गंमत वाटली असती, पण तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे तू घर आपल्या कापडाच्या गल्लीत घेतोयस?" आईने विचारलं.

"आपल्या दुकानाच्या अगदी समोर," दादा म्हणाला.

आईने ताट बाजूला सारलं. "बादल्या तीनदाच ओतल्या. पहिल्या वेळी समुद्रच आला होता. ते भिजलेलं कापड हातोहात खपलं, म्हणून तर ह्यांना पुढची अक्कल सुचली."

वहिनी ताडकन उठली. पिशवीतून तिने त्या पहिल्या वेळच्या अंकाची नक्कल काढली आणि वाचली, "किनाऱ्यावर आल्हाददायक वारे. लहानग्यांनी पाण्यात मौज लुटली."

"हा तो लहानगा," आई दादाकडे बोट दाखवून म्हणाली. "वर्षाचाही नव्हता. दुकानात माझ्या छातीपर्यंत पाणी. कापडाच्या फळीवर चढले आणि पाणी उतरेपर्यंत याला कडेवर घेऊन उभी राहिले. म्हणे मौज."

"आई, आता तसं काही होत नाही," दादा म्हणाला. "बिल्डर भिंत बांधून देतोय."

"आणि झालं तर? तेव्हा मला उभं तरी राहता येत होतं," आई म्हणाली. "आता मला कडेवर कोण घेणार, तू?"