ओंजळीतलं पाणी

मांजरी गावचा सर्जेराव पेशव्यांच्या पागेत स्वार होता. घाटात घोडा घसरला. घोडा उठला, सर्जेराव कमरेखाली लुळा झाला. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या हौदाजवळ, पेठेत ज्यांच्या शब्दाला मान होता त्या आप्पासाहेबांच्या ओट्याखाली बसून तो घोड्यांच्या तोंडाला बांधायच्या दोराच्या मोरख्या वळायचा. चाकं लावलेल्या फळकुटावर तो बसे आणि पवळ्या ते ओढी. पवळ्या म्हणजे कुत्रा. काम बैलाचं, म्हणून नावही बैलाचं.

हौदाला कुत्र्याचं तोंड लागलं असतं, तर पेठेने दोघांनाही हाकलून दिलं असतं. म्हणून सर्जेरावाने पिल्लू असल्यापासून त्याला एकच धडा दिला होता: पाणी प्यायचं ते फक्त माझ्या ओंजळीतून. इतर कुठे तोंड घातलं, की चापट.

चैत्रात पेठेत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. त्याच्याशी झुंजताना पवळ्याचा कान फाटला. कान भरून आला, पण लोकांच्या मनातला संशय काही जाईना. वैशाखातल्या एका सकाळी पवळ्याच्या तोंडातून लाळ गळताना शेजारच्या संपतने पाहिली आणि बघता बघता काठ्या घेऊन माणसं जमली.

"पाणी ठेवा पुढ्यात," आप्पासाहेब म्हणाले. "पिसाळलेलं असेल तर पिणार नाही."

परातीत पाणी आलं. पवळ्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. संपतने काठी उचलली.

सर्जेरावाची पाचावर धारण बसली. "थांबा! त्यो परक्याचं पानी पीत न्हाई. म्याच शिकिवलंय त्याला!"

"मग तुम्हीच पाजा," आप्पासाहेब थंडपणे म्हणाले. "हात तुमचा, कुत्रा तुमचा."

सर्जेरावाने आपल्या हातांकडे पाहिलं. दोर वळून वळून बोटांना भेगा पडलेल्या. त्या भेगांत पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ गेली, तर संपलंच. आणि खरं सांगायचं तर त्याची स्वतःचीही खात्री नव्हती. लाळ त्यानेही पाहिली होती, भल्या पहाटेच, आणि कुणाला न सांगता पुसली होती. पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या जनावराची त्याला भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली.

त्याने परातीत ओंजळ बुडवली. निम्मं पाणी मांडीवर सांडलं. पवळ्या जवळ आला. सर्जेरावाने डोळे गच्च मिटले.

खरखरीत जीभ तळव्यावर फिरली. पवळ्या लपलप प्यायला, आणखी मागू लागला. सर्जेराव सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. काठ्या खाली आल्या, माणसं पांगली.

आप्पासाहेब तेवढे थांबले. "सर्जेराव, धडा चांगला दिलात. पण तुम्ही काही अमरपट्टा बांधून आला नाहीत. तुमच्यामागे याने तहानेने मरायचं का?"

दुसऱ्या दिवशी सर्जेरावाने पवळ्यापुढे पाण्याचं मडकं ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "पी रं," तो म्हणाला. ऊन चढत गेलं. धापा टाकत पवळ्या मडक्याला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेला आणि कोरडे तळवे चाटू लागला.