वास हिंगाचा नव्हता

मी सांगितलेलं कुणाला खरंच वाटत नाही. आधी बहिणीला वाटलं नाही, मग वॉर्डनला, मग घरातल्या माणसाला. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी ऐकून ऐकून आलेलं. तेव्हा माझं बोलणं हसण्यावारी न्यायला सगळे मोकळे. पण ब्रिस्टलजवळच्या या पार्कात, म्हणजे तयार घरांच्या वसाहतीत, पाच वर्षं काढलीत मी. घरं एवढी खेटून असली की पन्हाळीत पानं साचावीत तसे किस्से साचतात. काढायला गेलं की हात घाण होतो.

*

पहिला घराचाच. आमचे हे क्रॉयडनला वीस वर्षं बस चालवत होते. गुडघे गेले, तेव्हा तिथलं सोडून इथं पार्क होम घेतलं. घर लॉरीवरून आलं, दोन तुकड्यांत! अर्धं सकाळी, अर्धं जेवणानंतर. काँक्रीटच्या ओट्यावर दोन्ही अर्धी जोडली आणि खालची चाकं, पाइप दिसू नयेत म्हणून भोवती गुडघाभर विटांची भिंत घातली.

सांगलीला बहिणीला फोन केला. "अगं, आमच्या घराला चाकं आहेत."

"मग दिवाळीला घरच घेऊन ये की!"

तिला अजून वाटतं, आमचं दिवाळं निघालंय आणि आम्ही गाडीत राहतो.

*

पन्नाशीच्या आतल्याला पार्कात राहता येत नाही. वॉर्डन कॉलिनने माझा पासपोर्ट पाहिला, काळे केस पाहिले, परत पासपोर्ट पाहिला.

"डाय आहे," मी म्हटलं. "बाटली आणून दाखवू?"

रूलबुक म्हणजे कॉलिनचा देवच. रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत. मी एकदा ह्यांच्या दोन पँटी वाळत घातल्या, तर हा दारात हजर. "मिसेस पवार, आज रविवार आहे."

"पँटींना माहीत नव्हतं!"

*

शेजारी मॉरीन. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. मुलगी शेरन केंब्रिजला. आम्ही आलो त्या दिवशी मॉरीन चहाचे मग घेऊन आली आणि म्हणाली, "इथून लोक दोनच गाड्यांनी जातात, लव्ह. एक पांढरी, एक काळी. मी पांढरीतून दोनदा हॉस्पिटलात जाऊन परत आलेय."

एका आजारपणात तिचं नाक गेलं होतं. कसलाच वास यायचा नाही. जेवणाची चव गेली होती, पण माझं भरीत मागून न्यायची. "बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. तुझं निदान भाजतं तरी!"

*

थंडीत या घरांना खालून वारा लागतो. विटांच्या भिंतीत हवेसाठी जाळ्या ठेवलेल्या असतात ना, त्यातून. म्हणून इथले म्हातारे जाळ्यांत चिंध्या, पेपर, काहीबाही कोंबतात. कॉलिन फेरीला आला की काढायचं, गेला की परत कोंबायचं. पार्कातली पद्धतच ती.

मॉरीनला वाकता येत नव्हतं, आणि पाय तर बर्फ. मग आमच्या ह्यांनी प्लायवूडच्या फळ्या कापल्या, कडेने फोम लावला, सगळ्या जाळ्या गच्च बंद केल्या आणि वर विटेचा रंग मारला. कॉलिनला पत्ता लागू नये म्हणून! बसवाल्याचा हात, पण काम सुताराचं.

मॉरीन कार्पेटवर अनवाणी नाचली. "तुझा माणूस सोन्याचा आहे!"

मलाही कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू?

*

फेब्रुवारीत कॉलिन लेखी तक्रार घेऊन आला. माझ्या स्वयंपाकाचा वास लोकांना सोसत नाही म्हणे.

"कसला वास?"

"लसणीसारखा. कुजलेला."

मी बाहेर येऊन हुंगलं. वास होता. हिंगाच्या जवळचा, पण खालून येत होता, मॉरीनच्या भिंतीकडून. इथं गॅस लाल सिलिंडरचा. सिलिंडर बाहेर, पाइप घराखालून आत.

"हा माझा नाही," मी म्हटलं. "हा गॅस आहे."

कॉलिन हसला. "मिसेस पवार, आपल्याला आपला वास येत नसतो."

मी आठवडाभर हिंग, लसूण, फोडणी सगळं बंद केलं. आमटी म्हणजे नळाचं पाणी. वास तसाच. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या नाकातच हिंग बसलाय."

मॉरीनला विचारलं. "मला विचारतेस, लव्ह?" म्हणून ती हसत सुटली.

परत ऑफिसात गेले. "तक्रार लिहा. माझ्यासमोर लिहा." कॉलिनने तक्रारबुकात लिहिलं. मी अक्षरं जुळवून वाचलं: मिसेस पवार, स्वयंपाकाचा वास, पुन्हा.

*

गुरुवारी सकाळी मी शाळेच्या किचनमध्ये कामाला जायला बूट घालत होते. मॉरीनने चहाला शेगडी पेटवली असणार.

आवाज आठवत नाही. आमच्या खिडक्या आत आल्या, ते आठवतं. बाहेर गेले तर मॉरीनचं घर मधोमध उघडलेलं, दोन अर्धी जिथं जोडली होती तिथंच. पांढरी गाडी आली आणि नुसती उभी राहिली.

हे पायरीवर होते, हातात टूथब्रश. गवतावर विटेच्या रंगाची फळी पडली होती. तिच्याकडे बघत होते.

*

तीन आठवड्यांनी क्लबहाउसात मीटिंग झाली. शेरन पहिल्या रांगेत, कोटसुद्धा न काढता बसलेली. स्फोटाचा तपास करणाऱ्या बाईंनी सांगितलं की घराखाली पाइपचा जोड गळत होता. हा गॅस जड, खालीच साचतो. जाळ्या उघड्या असत्या तर वाऱ्याने निघून गेला असता.

कॉलिन उठला. "जाळ्या बंद करायच्या नाहीत, हे रूलबुकात आहे. मॉरीनने ऐकलं नाही. वाईट वाटतं, पण दोष तिचाच."

मागे माना हलल्या. त्या सगळ्यांच्या जाळ्यांतल्या चिंध्या स्फोटाच्याच दिवशी नाहीशा झाल्या होत्या!

शेरन वळली. "आईला स्वतःचे मोजे घालता येत नव्हते. फळ्या कुणी बसवल्या?"

मी ह्यांना कोपराने ढोसलं. "अहो, उठा."

"गप्प बस," हे म्हणाले. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

मी उठले. "कॉलिन, मी गॅस सांगितला. तुम्ही स्वयंपाक लिहिलात. ते बुक यांना दाखवा." त्याचं तोंड लाल झालं. मग शेरनकडे बघून म्हटलं, "आणि फळ्या आमच्या घरातून गेल्या."

बाईंनी पेन उघडलं. "कुणी बसवल्या?"

"माझ्या मिस्टरांनी."

"नाव सांगा."

अठ्ठावीस वर्षांत ते नाव मी एकदाच तोंडाने घेतलं होतं. उंबऱ्यावर, नणंदांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात. ह्यांनी माझ्या कोटाची बाही धरली. "नको गं," म्हणाले.

मी बाही सोडवून घेतली.

"विलास."