शेजारच्या सीटवरचं घोंगडं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारण माझा धंदा. आयुष्य डार्करूममध्ये गेलं, त्यामुळे फोटोतली भुतं कशी तयार होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. फिल्म पुढे सरकवायची राहिली की एकावर एक दोन फोटो बसतात, आणि नवरदेवाच्या पोटातून कुणाची तरी म्हैस डोकावते. असली भुतं मी स्वतःच्या हाताने केली आहेत आणि त्यापायी माझ्या स्टुडिओवाल्या चाचाच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. तरीही एक फोटो आहे... त्याचीच गोष्ट आज या सदरात सांगतो.

भोरचं संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावात माझ्या चाचाचा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे कामाला होतो. अब्बांना तसबिरी काढणं मुळीच मंजूर नव्हतं. चाचाला ‘दोजखाच्या आगीत जाशील’ म्हणायचे आणि त्याच्याच दुकानात बसून चहा प्यायचे. पण घरात कॅमेरा येऊ दिला नाही तो नाहीच. त्यामुळे माझी अम्मी गेली तेव्हा तिचा एकही फोटो मागे राहिला नाही. मला तिचं नाक आठवायचं, हसताना ओठांवर पदर धरायची तेही आठवायचं, पण सगळा चेहरा म्हणून एकत्र यायचा नाही. हे दुःख मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फोटोचा कागद आणायला मी अधूनमधून भोर-पुणे एस.टी.ने जायचो. सोबत चाचाचा जुना डबा कॅमेरा. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं हा पिशवीत काहीतरी शोधतोय. खिडकीतून ऊन आलं आणि गाडी थांबली, की मी हळूच खटका दाबायचो. स्टुडिओत माणसं अशी बसतात की जणू मामलेदार समोर उभा आहे. एस.टी.त मात्र ती आपल्या घरच्यासारखी असतात... कुणी मांडीवर फेटा ठेवून घोरतंय, कुणी नवी नवरी नवऱ्याची नजर चुकवून शेंगा खातेय. त्यातले काही फोटो चाचाने दुकानाच्या काचेत लावले. सारोळ्याच्या एका बाईला त्यात तिचा भाऊ दिसला, आणि मग काय, पंचक्रोशीत बोभाटा झाला. गोष्ट वेल्ह्याच्या डोंगरात पोचेपर्यंत तिला शिंगं फुटली होती – मोटारीत जो बसतो त्याचा फोटू भोरात मिळतो म्हणे!

ते ऐकून ठकूबाई आल्या. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातल्या, वय झालेल्या, खांद्यावर काळं घोंगडं. काचेतले फोटो त्यांनी एकेक करून बोट लावून पाहिले आणि मग आत आल्या.

“माझ्या लेकीचा फोटू द्या, बाबा. जनी नाव तिचं. शिमग्याच्या आदी तुमच्या ह्याच मोटारीत बसली व्हती.”

“तुमची लेक कुठं असते, मावशी?”

“आता न्हाई ती.”

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. जनी माहेरी आली होती, तापाने फणफणली. नसरापुरात मोटारीत घालून ठकूबाई तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात निघाल्या होत्या.

“माझ्या खांद्यावर डोस्कं ठिवून झोपली. लई दिसांनी झोप लागली व्हती तिला. मोडू नये म्हून म्या अंग सुदिक हलवलं न्हाई. पुणं आलं, उटवाया गेले...” त्या थांबल्या. “न्हाई उटली.”

चाचाने हातातलं काम खाली ठेवलं.

धनगरांत घरचं माणूस वारलं की त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. छोटा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेलं माणूस. जनीचा टाक करायला त्या सोनाराकडे गेल्या, तर सोनाराकडे बायकांचा ठसा एकच.

“माझ्या सासूचं तोंड तेच, जावंचं तेच. म्या म्हनलं, ही न्हवं माझी जनी. तो म्हनला, मग फोटू आन, तसं कोरून देतो. फोटू कुटला आमच्याकडं? आनि बाबा... तोंड इसराय लागलं मला तिचं. पोटच्या पोरीचं.”

ते वाक्य ऐकलं आणि मला अम्मी आठवली. मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या, उजेडाला धरून बघितल्या. जनी नव्हती. त्या दिवशी मी गाडीत नव्हतोच. मी तसं सांगितलं तेव्हा ठकूबाईंनी नुसती मान हलवली.

त्याच दिवशी मला पुण्याला जायचं होतं, म्हणून दुपारच्या गाडीने आम्ही बरोबरच निघालो. त्या खिडकीशी बसल्या, मी पलीकडच्या रांगेत. शेजारच्या सीटवर त्यांनी घोंगड्याची घडी ठेवली होती. कंडक्टर माझा दोस्त. तो म्हणाला, “आजी, घोंगडं वर टाका की.”

“ऱ्हाऊ द्या. गाडी रिकामीच हाय,” त्या म्हणाल्या.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या खांद्याकडे गेलं. घोंगड्याच्या बाजूचा खांदा त्यांनी खाली सोडला होता आणि तो जराही हलू देत नव्हत्या. खड्ड्यांतून गाडी आपटायची, आम्ही सगळे उडायचो, पण तो खांदा तसाच. कापूरहोळला गाडी थांबली आणि मी खटका दाबला. का दाबला, सांगता येणार नाही. नसरापूरला त्या घोंगडं उचलून उतरल्या आणि मागे न बघता चालू लागल्या.

फिल्म धुतली आणि मी फोटो छापायला घेतला. ट्रेमध्ये चित्र हळूहळू वर येतं. आधी खिडकी आली, मग ठकूबाई आल्या. आणि घोंगडं... घडी नव्हती. ते पसरलेलं होतं, कुणाच्या तरी अंगावर. ठकूबाईंच्या खांद्यावर एका मुलीचं डोकं होतं, तोंड आईच्या मानेत खुपसलेलं. लांब वेणी दिसत होती, आणि घोंगड्याबाहेर आलेल्या हातावर गोंदलेली तुळस.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? तेच... फिल्म सरकवायची राहिली. पण तसं असतं तर मुलीच्या अंगातून सीट दिसली असती. आणि अशी मुलगी मी कधी कुठे टिपलीच नव्हती. मी पुन्हा छापला, चाचाने छापून बघितला. दर वेळी तेच. अब्बांना दाखवला, तर ते फोटोकडे बघत बसले आणि दोजखाचं नाव काढलं नाही.

नसरापूरच्या बाजारात धनगरवाड्यातलं कुणीतरी यायचंच, त्यांच्याकडे निरोप दिला. पुढच्या बाजाराला ठकूबाई आल्या. फोटो हातात देताना मला भीती वाटत होती, कारण ज्यासाठी त्या एवढ्या वणवण फिरल्या, तेच त्यात नव्हतं.

“मावशी, तोंड दिसत नाही हो तिचं.”

त्यांनी आधी गोंदलेल्या तुळशीवर बोट ठेवलं. “ही म्याच गोंदून घेतली व्हती. लई रडली व्हती तवा.” मग वेणीवरून बोट फिरवलं. भोवती बाजार चालू होता, आणि ती माउली कितीतरी वेळ तशीच उभी होती.

“ह्यावरनं सोनाराला काही करता येईल का?” मी विचारलं.

“नगं. टाक बी नगं आता.” त्यांनी फोटो पदरात गुंडाळला. “झोपलीया ती. कुनी उटवू नका.”

मी बाजाराच्या मधोमध रडलो. लाज वाटली नाही.

फोटोतल्या चुका कशा होतात ते मला माहीत आहे आणि त्यातली एकही इथे बसत नाही. निगेटिव्ह अजून माझ्याजवळ आहे. पुण्यातल्या दोघा जाणकारांना दाखवली, त्यांनी खांदे उडवले.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्यानंतर एकदा मी अम्मीची शाल घेऊन त्याच गाडीत बसलो. तीच सीट, तीच दुपारची वेळ. शालीची घडी शेजारी ठेवली, खांदा खाली सोडला आणि कापूरहोळपर्यंत तो हलू दिला नाही. तिथे कंडक्टर दोस्ताने त्याच कॅमेऱ्याने माझा फोटो काढला. घरी येऊन मीच तो छापला.

फोटो चांगला आला. मी आलो, खिडकी आली. शाल जशी घडी करून ठेवली होती, तशीच आली.