आईच्या मुठीतला भंडारा

विश्रामबागच्या घरी मी दुपारचा चहा गाळत होते तेव्हा भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ आटपाडीकडची आमची शेती बघतो. फोनवर तो पाऊस, डाळिंब आणि दाजींची तब्येत याच क्रमानं बोलतो. त्या दिवशी त्यानं क्रम मोडला.

"अक्का, शेततळं काढताना हाडं निघाल्यात. दोन गाडगी हाईत, तोंडाला तोंड लावल्याली. एक फुटलंय. आतली हाडं बारकी हाईत गं, पोराची."

मी म्हटलं, "मशीन बंद कर. कशाला हात लावू नकोस. पोलीस पाटलांना सांग, तलाठ्यालाही कळव. मी निघालेच."

"मशीन कवाच बंद केलं. पर आई खड्ड्यात उतरून बसलीया. म्हणती, ही माजी हाय."

चहा ओट्यावर तसाच राहिला.

आम्हा दोघांच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती थोडेच दिवस जगली. तेव्हा घरी मेंढ्या होत्या, चाऱ्यामागं मुलखाबाहेर जाणं होतं, आणि तान्हं पोर तगलं तर तगलं असा तो काळ होता. आमच्यात लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. बायका मातीला जात नाहीत, त्यातून आई बाळंतीण. आमच्या वडिलांनी, आबांनी, एकट्यानंच तिला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून नेलं आणि परत आल्यावर एवढंच सांगितलं, "बांधाला ठिवली, बाभळीच्या बुडी." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. आणि बांधावर बाभळी होत्या ओळीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढं बाभळी तुटल्या, आबाही गेले. आईला जागा कधी कळलीच नाही. मेंढी व्याली की पहिल्या दुधातलं थोडं ती तांब्यात घ्यायची आणि सगळ्या बांधावर शिंपडत जायची. आम्ही मागं मागं जायचो. एवढं दूध वाया का घालवतेस, असं मी एकदा विचारलं होतं. "पोचंल कुटंतरी," ती म्हणाली.

आटपाडीच्या गाडीत बसल्यावर मला ते रानच आठवत राहिलं. तिथं खापऱ्या काही नवीन नव्हत्या. नांगराच्या तासात लाल, गुळगुळीत, काळ्या रेघांच्या खापऱ्या सापडायच्या. आमच्या लगोरीला सबंध वाडीत तोड नव्हती ती त्यांच्यामुळंच. आबांचा मात्र एक नेम होता. फाळाला खापर लागो नाहीतर हाड, बैल थांबवायचे. कमरेच्या पिशवीतला भंडारा, म्हणजे बिरोबाची हळद, चिमूटभर त्या तासात सोडायचे, आणि ती वस्तू बांधावर ठेवून म्हणायचे, "तुमचं तुमी घ्या, आमचं आमाला ऱ्हाऊ द्या." त्यांची पाठ फिरली की त्या खापऱ्या आम्ही उचलायचो. सापडलो तर पाठीत धपाटा ठरलेला. संध्याकाळी मेंढ्या घरी यायच्या त्याचा धुरळा, कोकरांचा कालवा, आबांच्या घोंगडीचा ओला वास... आता तिकडं पाणी आलं, डाळिंबं आली आणि मेंढ्या गेल्या. पाणी आलं ते वाईट झालं असं मी मेले तरी म्हणणार नाही. मी डोक्यावर घागरी वाहिल्यात. पण त्या धुरळ्यासाठी जीव तुटतो, हेही खरं.

रानात पोचले तर खड्ड्याभोवती अर्धी वाडी जमलेली. कुणी म्हणे सोन्याचा हंडा लागला. कुणी भावाच्या कानाला लागलेला, "बुजीव रं गड्या गपचिप. सरकारला कळलं तर रान जाईल." भाऊ कधी त्याच्याकडं तर कधी माझ्याकडं बघत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "रान कुठं जात नाही. तुमची अक्कल तेवढी गेलेली दिसते." त्यावर मंडळी दोन पावलं मागं सरली, पण घरी कुणीही गेलं नाही.

आई खाली मातीत बसली होती, गाडग्यापासून हातभर अंतरावर. मी आत बघितलं. हाडांवर, मातीवर, सगळीकडं पिवळंधमक. आबांच्या मागं ती पिशवी आईच्या कमरेला आली होती. ती तिनं आत रिकामी केली होती. आबा चिमूट सोडायचे, हिनं मूठ सोडली होती.

मी शेजारी बसले. हळूच म्हटलं, "आई, आबांनी घोंगडीतनं नेलं होतं ना? मग गाडगं कुठलं?"

"तुला काय ठावं?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "आन् मला तरी काय ठावं? मी हुते का तितं?"

उभा जन्म तिनं दुसऱ्याच्या एका वाक्यावर काढला होता.

पोलीस आले, त्यांनी पंचनामा केला. हे प्रकरण आपलं नाही, फार जुनं दिसतंय, असं म्हणून त्यांनी वर कळवलं आणि तोवर कुणी माती हलवायची नाही असं बजावलं. भावानं वरून ताडपत्री बांधली. आई घरी यायला तयार होईना, तेव्हा त्यानं तिथंच बाज आणून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याची एक तरुण बाई आली. डोक्याला टोपी, हातात कुंचला. गुडघ्यावर बसली, वाकून आत बघितलं आणि मान वर केली. "हा पिवळा रंग कसला?"

भाऊ आभाळाकडं बघायला लागला. मीच सांगितलं, "भंडारा."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, काही म्हणजे काही घालायचं नसतं आत! हाडं, माती, सगळं जसंच्या तसं लागतं आम्हाला. कुठं कुंकू वाहतात, कुठं नारळ फोडतात. आम्ही पोचायच्या आत देव करून मोकळे होता तुम्ही."

तिचं चुकत नव्हतं. फोनवर मी भावाला हात लावू नकोस म्हटलं, आईला कोण सांगणार होतं? मग मी त्या मुलीला बाजूला घेऊन बांध, बाभळी, बहीण, सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तशी मऊ झाली. परत आली आणि आईसमोर फतकल मारून बसली.

"आजी, हे लेकरू फार जुनं आहे. तुमच्या सासूच्या, तिच्या सासूच्याही खूप खूप आधीचं. तेव्हा इथं वस्ती होती. ही बघा राख, ही चोपलेली जमीन. हे घर होतं. तेव्हाची माणसं तान्हं मूल गेलं की दोन गाडग्यांत ठेवून घरातच पुरायची."

"घरातच?" आईनं विचारलं.

"हो. बाहेर नाही न्यायची. आई जिथं वावरायची तिथंच, तिच्या पायाखालच्या जमिनीत."

आईनं त्या राखेकडं बघितलं. मग म्हणाली, "मंजी आईजवळच. बरं हुतं तिचं."

मला रडू आवरलं नाही. त्या मुलीनंही मान खाली घातली आणि कुंचल्यानं हाडांवरची हळद झटकायला घेतली. तेवढ्यात आईनं तिचं मनगट धरलं.

"पुसू नगं, बाय. ही माजी न्हाई, कळलं मला. माजीला माज्या हातनं कायबी मिळालं न्हाई. हिला मिळालंय, ऱ्हाऊ दे की एवढं."

"आजी, पुण्याला नेल्यावर स्वच्छ करावंच लागेल," ती म्हणाली. "पण हळद कधी पुरती जात नाही." आणि तिनं कुंचला खाली ठेवला.

गाडगी कापसात बसवून खोक्यातून गेली. गाडी वळेपर्यंत आई बांधावर उभी होती. रान कुठं गेलं नाही. भावानं परवानगी येईपर्यंत काम थांबवलं आणि पुढं शेततळं पलीकडच्या अंगाला काढलं. हंड्यावाले महिनाभर त्याच्याकडं संशयानं बघत होते.

गाडगी गेली त्या संध्याकाळी आम्ही तिघं बांधावरून घराकडं निघालो होतो. आई मध्येच थांबली आणि भावाला म्हणाली, "मी गेले की मला जाळू नगा. हितंच ठिवा, बांधाला. जवळ हुईल तिला."

भाऊ खाली बघत म्हणाला, "आई, बांध लय लांब हाय गं. नक्की कुटं ठिवू?"

आईनं एकदा या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला.

"मदी ठिव," ती म्हणाली.