वसंताचं टेबल आणि माझी घाई

काशीत दशाश्वमेध घाटावर एका यजमानाला तर्पण सांगत होतो, तेवढ्यात उमाचा, माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या बायकोचा, इस्पितळातून फोन आला. "दादा, हे गेले." सुतक लागलं, पुढचा मंत्र म्हणणं शक्यच नव्हतं. ओंजळीत पाणी धरून बसलेल्या यजमानाला शेजारच्या गुरुजींच्या हवाली केलं आणि पायऱ्या चढलो. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. तीन वर्षांपूर्वी बसलेल्या विजेच्या झटक्याचा याच्याशी काही संबंध आहे का, असं मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. माझं मन अजून ऐकत नाही…

वसंता रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन रामघाटच्या घरी आला आणि त्यानं वरची खोली बळकावली. खालच्या भिंतींना नदीची ओल, म्हणून वर. जुन्या दाराच्या फळीचं टेबल केलं, पायाखाली रबराची चटई घातली, धूर जायला खिडकीत पंखा बसवला. गल्लीतले बिघडलेले रेडिओ, मिक्सर तिथे यायला लागले. भिंतीवर एक खटका होता. वीज कुठे गळली की तो आपोआप पडायचा आणि प्रवाह तोडायचा. मला त्या खोलीत चप्पल घातल्याशिवाय प्रवेश नव्हता. "तुझं सोवळं माझ्यापेक्षा कडक रे," मी चिडवायचो. तो हसायचा नाही. "ओल्या हातानं इथं यायचं नाही, दादा. बिजली कुणाला माफ करत नाही."

त्याला झटका बसला त्या दिवशी बाबांचं श्राद्ध होतं. गच्चीत वाळत घातलेली सोवळ्याची धोतरं माकडांनी ओढून लोळवली आणि माझं डोकं फिरलं. ब्राह्मण येऊन बसलेले. वसंता स्नान करून निथळत उभा, आणि त्याच वेळी त्याला आठवलं की वर सोल्डरिंग आयर्न चालूच राहिलं आहे. "दादा, दो मिनट. अंग पुसतो, बंद करून येतो." मी ओरडलो, "रोजच्या पंच्याला शिवू नकोस! पुन्हा न्हावं लागेल. तसाच जा, लवकर ये!" मोठ्या भावाचा शब्द… तो तसाच गेला, अनवाणी. मीही घाई करायला मागोमाग जिना चढलो. त्यानं बटणाला हात लावला मात्र, खाडकन आवाज झाला, पंखा बंद पडला आणि वसंता भिंतीवर आदळून खाली बसला. मी उंबऱ्यातच थिजलो. त्याच्यापर्यंत जायचंही मला सुचलं नाही. त्याचा तो खटका पडला होता, म्हणून तो वाचला. डोळे उघडून म्हणाला काय, तर "चल, ब्राह्मण खोळंबलेत." पुढे तीन वर्षांत त्यानं हा विषय एकदाही काढला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

वसंता-उमाला मूलबाळ नाही, म्हणून क्रिया माझ्याकडे आली. परवा पहिलं मासिक श्राद्ध झालं. स्नान करून मी ओलेत्यानेच पाटाकडे निघालो. सांगायला आलेले गुरुजी घाई करत होते, मुहूर्त टळतोय म्हणत होते. मी थांबलो. "उमा, पंचा दे." ती गोंधळली. "दादा, सोवळ्यातला नाहीये हो, रोजचाच आहे…"

"दे," मी म्हणालो, आणि सगळ्यांना तिष्ठत ठेवून पाय कोरडे होईपर्यंत अंग पुसलं.